दात आपले, ओठही आपलेच

२२ नोव्हेंबर १९९१ रोजी नागपुरात स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली, त्याला २२ नोव्हेंबर २०२५ रोजी चौतीस वर्षे पूर्ण झाली. भारतीय मजदूर संघ, भारतीय किसान संघ, विद्यार्थी परिषद, ग्राहक पंचायत आणि सहकार भारती या पाच संघटनांचे प्रतिनिधी त्या दिवशी एकत्र बसले होते. त्याआधी चारच महिने, २४ जुलैला, डॉ. मनमोहन सिंग यांनी तो गाजलेला अर्थसंकल्प मांडला होता. परवाना राज संपत होते, रुपयाचे अवमूल्यन झाले होते, आणि परदेशी भांडवलासाठी दारे किलकिली होऊ लागली होती. या दारांना आतून कडी घालायची, हा मंचाचा निर्धार होता. त्यामागे डोके होते दत्तोपंत ठेंगडी यांचे.

त्या वर्धापनदिनाच्या आदल्याच दिवशी, शुक्रवारी, केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. एकोणतीस जुने कायदे त्यांत विलीन झाले. तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला आता कामगार कमी करण्यासाठी किंवा टाळे लावण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागणार नाही. पूर्वी ही मर्यादा शंभर होती. दहा केंद्रीय कामगार संघटनांचा या संहितांना विरोध आहे. देशातील सर्वांत मोठी म्हणवणारी, ठेंगडींनी उभी केलेली भारतीय मजदूर संघ ही संघटना त्या दहांत नाही. या दोन तारखा शेजारी शेजारी येणे हा योगायोगच; पण ज्या माणसाने आयुष्यभर आपल्याच माणसांच्या सरकारला जाब विचारण्याची हिंमत बाळगली, त्याची आठवण काढायला याहून योग्य दिवस मिळाला नसता.

१० नोव्हेंबर १९२० रोजी वर्धा जिल्ह्यातील आर्वीत, एका वकिलाच्या घरी दत्तोपंतांचा जन्म झाला. त्यानंतर दीड महिन्याने नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि गांधीजींच्या असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले. त्या अधिवेशनात स्वयंसेवकांची व्यवस्था पाहणाऱ्यांमध्ये पुढे राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन करणारे डॉ. केशव बळीराम हेडगेवार होते. गांधींचे स्वदेशी आणि हेडगेवारांचे संघटन, हे दोन्ही धागे पुढे एका माणसाच्या हाती आले. आर्वीला शाळेत असताना दत्तोपंत वानरसेनेचे अध्यक्ष होते. पुढे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आणि विधी महाविद्यालयात शिकताना ते गोळवलकर गुरुजींच्या सहवासात आले. वकिलीची पदवी हाती होती, पण १९४२ मध्ये ते प्रचारक म्हणून निघाले ते थेट केरळात. नंतर बंगाल, नंतर आसाम. केरळ आणि बंगाल या दोन प्रांतांत त्यांनी साम्यवाद्यांचे काम अगदी जवळून पाहिले. त्या कामाचा त्यांच्यावर काय ठसा उमटला, ते पुढच्या पन्नास वर्षांत दिसले.

त्यानंतर त्यांनी जे केले ते संघपरिवारातल्या इतर कोणाला सुचले नसते. कामगार संघटना काढायची तर आधी तिची रीत शिकली पाहिजे, म्हणून ते सरळ काँग्रेसच्या इंटकमध्ये दाखल झाले. मध्य प्रांतात संघटनमंत्री म्हणून त्यांनी काम केले, राष्ट्रीय परिषदेवरही निवडून गेले. त्यानंतर साम्यवाद्यांचा वरचष्मा असलेल्या बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेत आणि पुढे टपाल कर्मचाऱ्यांत. मागणीपत्र कसे लिहायचे, व्यवस्थापनाशी बोलणी कुठवर ताणायची, संप केव्हा मागे घ्यायचा, हे त्यांनी विरोधकांच्या घरी उमेदवारी करून आत्मसात केले. आजच्या राजकारणात विरोधकाच्या घरी शिकायला जाणाऱ्याला पक्षांतर केलेला समजतात. ठेंगडी गेले आणि परत आले.

२३ जुलै १९५५ रोजी, टिळकांच्या जयंतीला, भोपाळमध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना झाली तेव्हा त्यांच्याकडे एकही संलग्न संघटना नव्हती, एकही सदस्य नव्हता, कचेरी नव्हती. मूठभर कार्यकर्ते होते. कामगार म्हणजे लाल बावटा, हे समीकरण तेव्हा इतके पक्के होते की भगवा झेंडा घेऊन गिरणीच्या फाटकावर उभे राहणे हाच एक विनोद ठरत असे. १ मे हा कामगार दिन मानायला त्यांनी नकार दिला आणि १७ सप्टेंबरची विश्वकर्मा जयंती निवडली. वर्गसंघर्ष नको, उद्योग हे कुटुंब आहे, पण त्या कुटुंबात कामगाराचा वाटा मालकाइतकाच आहे, असे त्यांचे म्हणणे. सरकारशी वागण्याचे सूत्रही त्यांनी टिळकांकडूनच उचलले: प्रतियोगी सहकारिता. सरकार जेवढे कामगारांशी नीट वागेल, तेवढे आपणही सरकारशी नीट वागू.

कुटुंबाची ही भाषा साम्यवाद्यांना मालकांची बटीक वाटली, आणि तसे वाटायला जागा होती. पण नुसत्या शिव्यांनी ती निकालात निघाली नाही. बोनस हे मालकाचे बक्षीस नसून थकलेले वेतन आहे, म्हणून तो प्रत्येक कामगाराला मिळाला पाहिजे, ही मागणी मजदूर संघाने लावून धरली. १९७४ च्या रेल्वे संपात त्यांचा रेल्वे संघ इतरांच्या खांद्याला खांदा लावून उतरला. १९६७ मध्ये दिल्लीत पहिले अखिल भारतीय अधिवेशन झाले तेव्हा शून्यातून निघालेली सदस्यसंख्या अडीच लाखांच्या घरात गेली होती. सरकारी पडताळणीत १९८९ अखेरची सदस्यसंख्या एकतीस लाखांवर भरली आणि मजदूर संघ देशात पहिला आला. तेव्हा साम्यवादी संघटनांचेही डोळे विस्फारले.

ज्या जनसंघाला लोक शेटजी-भटजींचा पक्ष म्हणत, त्याच्या परिवारातून देशातली सर्वांत मोठी कामगार संघटना कशी उभी राहिली? याचे उत्तर शोधायचे तर नागपूरच्या गांधीबागेत फिरावे. मध्य भारताची ही कापडाची ठोक पेठ. सुरत, भिवंडी, इचलकरंजीहून गठ्ठे येतात, इथे त्यांचे तागे होतात आणि तिथून विदर्भातल्या आणि शेजारच्या छत्तीसगड-मध्य प्रदेशातल्या दुकानांपर्यंत पोचतात. एका हाकेवर इतवारी, पायी जाता येईल इतक्यावर महालातले संघाचे मुख्यालय, आणि जवळच गांधीसागराच्या बाजूला एम्प्रेस मिल, जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरियाने सम्राज्ञीपद घेतले त्या दिवशी सुरू केलेली. गिरणीत विणायचे, पेठेत विकायचे. गिरणीत कामगार, पेठेत गादीवर बसलेले शेठ, गादीखाली मुनीम, दिवाणजी, ताग्यांची घडी घालणारे नोकर आणि दाराशी ठेल्यावर गठ्ठे चढवणारे हमाल. पहाटेच्या शाखेत यांतले कोण कोणाच्या रांगेत उभे राहत असेल, ते पाहण्यासारखे. शाखेत मालक आणि गुमास्ता दोघेही स्वयंसेवकच. दुपारी पगाराचा वाद निघाला तर संघटनेने कोणाच्या बाजूने उभे राहायचे?

ठेंगडींचा खरा पेच हाच होता. त्यांनी तो टाळला नाही, निदान कारखान्यापुरता तरी. संरक्षण उत्पादनाचे कारखाने, रेल्वे, बँका, वीज, टपाल अशा ठिकाणी, जिथे मालक सरकार किंवा मोठी कंपनी होती, तिथे मजदूर संघ ठामपणे कामगाराच्या बाजूने उभा राहिला. पेठेत मात्र नाही. गांधीबागेतला गुमास्ता कधीच त्यांच्या हिशेबात नीट आला नाही, आणि या कारकिर्दीचे मोल करताना ही उणीव नोंदवलीच पाहिजे. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये बंद पडली. आज त्या जागी मॉल आहे. गिरणी कामगार संपला, तशी त्याची संघटनाही संपली. पेठेतला नोकर मात्र तेव्हाही संघटनेशिवाय होता आणि आजही आहे.

त्यांच्या कारकिर्दीतला आणखी एक विरोधाभास. मजदूर संघ कोणत्याही पक्षाचा नाही, असे ते सांगत. आणि स्वतः १९६४ ते १९७६ अशी बारा वर्षे उत्तर प्रदेशातून जनसंघाचे राज्यसभा सदस्य होते. टीकाकारांनी याकडे वारंवार बोट दाखवले आहे. पण पुढे आणीबाणीत भूमिगत राहून त्यांनी लोकसंघर्ष समितीची धुरा वाहिली, आणि १९७७ मध्ये जनसंघ जनता पक्षात विरघळून गेला तेव्हा मजदूर संघाला त्यांनी विरघळू दिले नाही. तो वेगळा राहिला. सत्ता दारात आली तेव्हाही त्यांनी मंत्रिपदाच्या वाटेला न जाता १९७९ मध्ये कोटा येथे भारतीय किसान संघाची स्थापना केली. संसद त्यांनी पाहिली होती, तिची मर्यादाही पाहिली होती. सत्तेत बसून मागण्या मंजूर करता येतात, पण सत्तेबाहेर राहूनच त्या पुढे रेटता येतात, हे त्यांना कळले असावे. दबाव टाकणाऱ्याला दूर उभे राहावे लागते.

या दूर उभे राहण्याची परीक्षा १९९० च्या दशकात झाली. काँग्रेसच्या सरकारला जागतिकीकरणावरून झोडपणे सोपे होते. डंकेल प्रस्ताव, गॅट करार, एन्रॉन: स्वदेशी जागरण मंचाने सगळ्यांवर रान उठवले. मंचाचे पहिले संयोजक डॉ. एम. जी. बोकरे. नागपूर विद्यापीठाचे हे माजी कुलगुरू एके काळचे मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञ. तेच पुढे हिंदू अर्थशास्त्र मांडू लागले. लाल झेंड्याखालून भगव्याखाली आलेल्या अशा माणसांना ठेंगडी मुद्दाम पुढे आणत. कारण प्रश्न आर्थिक होता आणि त्यांना बाजारूपणाशी वैर होते, माणसांशी नव्हे. (आजच्या वाचकाला हे वाक्य ऐतिहासिक कादंबरीतले वाटेल.)

आणि मग आपलेच सरकार आले. मे १९९६ मधल्या वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने जाता जाता दाभोळ प्रकल्पाला केंद्राची प्रतिहमी देऊन टाकली. ज्या एन्रॉनला अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणा राज्यात देऊन सत्ता मिळवली, त्याच एन्रॉनला ही हमी. ही सुरुवात होती. १९९९ मध्ये विमा क्षेत्रात सव्वीस टक्क्यांपर्यंत परदेशी भांडवलाला परवानगी देणारा कायदा झाला. निर्गुंतवणुकीचे स्वतंत्र खाते निघाले. मॉडर्न फूड्स हिंदुस्तान लिव्हरला, बाल्को स्टरलाइटला विकली गेली. २८ फेब्रुवारी २००१ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी जाहीर केले की, हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांना कामगार कमी करण्यासाठी परवानगी लागणार नाही.

ठेंगडी तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. या वयात माणूस आपल्या माणसांच्या सत्तेची ऊब घेतो. ठेंगडींनी दिल्लीत रामलीला मैदानावर एप्रिल २००१ मध्ये मजदूर संघाच्या लाखभर कामगारांसमोर अर्थमंत्र्यांवर अशी जहाल टीका केली की विरोधी बाकांवरूनही इतके कडक शब्द क्वचित निघाले असतील. आपलेच दात आणि आपलेच ओठ असले की चावताना जपावे लागते, ही रीत; त्यांनी ती मोडली. सरकारमधल्यांना त्याचा राग आला, काहींनी त्यांना म्हातारचळ लागला असेही म्हटले असेल. पण कायद्यातला तो बदल वाजपेयी सरकारला अखेरपर्यंत करता आला नाही. दबाव गटाच्या यशाची मोजदाद करायची असेल तर ती अशी करावी. सत्तेत असलेल्या आपल्या माणसांना जे करायचे होते आणि करता आले नाही, तेच खरे यश.

२००३ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाला. त्यांनी तो नम्रपणे नाकारला, डॉ. हेडगेवार आणि गोळवलकर गुरुजी यांना भारतरत्न दिले जात नाही तोवर आपण कोणताही सन्मान घेणे योग्य नाही, असे त्यांनी राष्ट्रपती डॉ. कलाम यांना कळवले. या नकारावर अनेकांनी हार घातले आहेत. आमच्या मते त्यात त्यांची निरिच्छता होती, तशीच त्यांची मर्यादाही होती. सरकारच्या आर्थिक धोरणाचा निषेध म्हणून ते हा सन्मान नाकारू शकले असते. त्यांनी कारण दिले ते संघनिष्ठेचे. हा माणूस सरकारपासून दूर होता, पण संघापासून तसूभरही नव्हता. सामाजिक समरसतेच्या मंचाची कल्पना किंवा डॉ. आंबेडकरांवर लिहिलेले पुस्तक, हा त्यांच्या अभ्यासाचा वेगळा विषय होता; पण दीक्षाभूमीच्या या शहरात समरसता हा शब्द समतेच्या जागी अनेकांना चालत नाही, आणि तो वाद त्यांच्या निष्ठेच्या मर्यादेशीच येऊन थांबतो. १४ ऑक्टोबर २००४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

सन्मान नाकारणाऱ्या माणसाचे नाव सरकारला लागतेच. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या, नागपुरात मुख्यालय असलेल्या केंद्रीय कामगार शिक्षण मंडळाला आज दत्तोपंत ठेंगडींचे नाव आहे. कामगारांना त्यांचे हक्क शिकवणे हे या मंडळाचे काम. नाव देणे सोपे असते.

ठेंगडींच्या मागे त्यांनी उभ्या केलेल्या संघटना निष्क्रिय झाल्या, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१२ मध्ये किरकोळ, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत चिल्लर विक्रीत एक्कावन्न टक्के परदेशी भांडवलाला परवानगी मिळाली तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या व्यापाऱ्यांच्या पाठीशी स्वदेशी जागरण मंच होता. त्या वेळी सरकार काँग्रेसचे होते, ही गोष्ट वेगळी. पण २०१५ मध्ये भूसंपादन अध्यादेशाला मजदूर संघ आणि किसान संघ या दोघांनीही विरोध केला, आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये मोदी सरकारने तो सोडून दिला. २०१९ मध्ये आरसेप व्यापार कराराच्या वाटाघाटींतून भारत बाहेर पडला, त्यामागे मंचाच्या आंदोलनाचाही वाटा होता. २०२२ च्या डिसेंबरात किसान संघाने रामलीला मैदान भरवले. २०२० मध्ये चारपैकी तीन संहिता संसदेत मंजूर झाल्या तेव्हा औद्योगिक संबंध संहितेतल्या काही कलमांना मजदूर संघाने उघड हरकत घेतली होती. तेव्हा बाकी संघटनांशी सूर जुळत होता. सप्टेंबर २०१५ च्या देशव्यापी संपातून मात्र मजदूर संघ अखेरच्या क्षणी बाहेर पडला होता, आणि ९ जुलै २०२५ च्या संपातही तो नव्हता. मजदूर संघाचा आवाज येतो, नाही असे नाही. पण तो दिल्लीच्या बंद दालनांतून येतो, मैदानातून नाही. ठेंगडींच्या काळात हरकत घेण्याचा अर्थ होता हरकत जगाला ऐकू येणे.

मजदूर संघाच्या आजच्या नेतृत्वाकडे याचे उत्तर तयार असेल. चार संहितांत चांगलेही आहे: सर्व कामगारांना किमान वेतनाची हमी, नियुक्तिपत्राची सक्ती, गिग कामगारांना सामाजिक सुरक्षेत जागा. हे खरे आहे. आणि तीनशेची मर्यादा ही यशवंत सिन्हांच्या हजारापेक्षा कमी आहे, हेही खरे. पण शंभराच्या जागी तीनशे झाले म्हणजे मधल्या सगळ्या कारखान्यांतल्या कामगारांची ढाल गेली. विदर्भातल्या औद्योगिक वसाहतींत, हिंगण्यात आणि बुटीबोरीत, या मापाचेच कारखाने अधिक. हजारावर रामलीला मैदान पेटत असेल, तर तीनशेवर निदान एखादे कॉटन मार्केट तरी पेटायला हवे होते.

आता गांधीबागेकडे वळू. तुळशीचे लग्न लागले की इथली लग्नसराई सुरू होते. रात्री दहा-अकरापर्यंत दुकानांत दिवे जळतात, शालू-पैठण्यांचे ढीग उलगडले जातात आणि पुन्हा घड्या घातल्या जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापना कायद्यातल्या बदलांना मंजुरी दिली. त्यानुसार रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून दहा तासांवर जाते, आणि तो कायदा वीस व त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरताच राहतो. गांधीबागेतल्या किती दुकानांत वीस माणसे आहेत, हे पेठेतल्या कोणत्याही चहावाल्याला विचारावे. म्हणजे गुमास्त्याच्या बाबतीत कायद्याची चर्चाच संपली. नियुक्तिपत्र, हजेरीपट, साप्ताहिक सुट्टी, भविष्य निर्वाह निधी, यांतले काही त्याच्या वाट्याला येणार असेल तर ते कायद्याने नव्हे, संघटनेनेच येईल.

आणि इथे शेठ व नोकर यांच्यात मध्यस्थी करण्याची क्षमता कोणाची असेल तर ती याच परिवाराची आहे. इथल्या व्यापाऱ्यांच्या घरात संघ जुना आहे. शेठजींच्या गादीवर आणि दिवाणजींच्या घरात, दोन्हीकडे त्यांची ये-जा आहे. उद्योग हे कुटुंब आहे, असे ठेंगडी सांगत. त्या कुटुंबात नोकराला जागा कुठे, हे सांगण्याची वेळ महालापासून इतक्या जवळ असलेल्या या पेठेत आली आहे. स्वदेशीची व्याख्या केवळ परदेशी मालावर बहिष्कार इतकीच उरली तर तिचा फायदा फक्त गादीवरच्या माणसाला होतो. गादीखालच्या देशी माणसाला काय मिळाले, हेही त्या व्याख्येत आले पाहिजे.

भोपाळात मजदूर संघ उभा राहिला तेव्हा त्याच्याजवळ एकही सदस्य नव्हता. आज कोट्यवधी सदस्यांचा दावा आहे, वातानुकूलित कचेऱ्या आहेत, मंत्र्यांचे फोन आहेत. शताब्दी साजरी करणाऱ्या संघपरिवाराने मजदूर संघाच्या नागपूर शाखेला या लग्नसराईतच गांधीबागेत पाठवावे. अग्रसेन चौकात एक टेबल मांडावे, गुमास्त्यांच्या आणि हमालांच्या सदस्यत्वाचे अर्ज भरून घ्यावेत, आणि पहिले मागणीपत्र घेऊन त्याच परिवारातल्या शेठजींच्या गादीसमोर जावे.